नोव्हेंबरातला नाताळ

अमेरिकेतल्या रेडिओवर नाताळची गाणी कधीपासून लावावीत, हा वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी चुकीच्या टोकाने होतो. एक बाजू म्हणते, थँक्सगिव्हिंगच्या आधी नको. दुसरी म्हणते, लोकांना आवडतंय तर तुमचं काय जातंय? भांडण सगळं सुरुवातीच्या तारखेवर. ती गाणी स्वतः काय म्हणतात, याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

आधी धंद्याचं बोलू, कारण ते थोडक्यात आटपतं. शिकागोचं ९३.९ आणि लॉस एंजेलिसचं १०३.५ ही एफएम स्टेशनं २००१च्या सुमारापासून नोव्हेंबर आला की नेहमीची गाणी गुंडाळून ठेवतात आणि चोवीस तास नाताळ लावतात. तिथे श्रोते मोजणारी यंत्रणा वर्षाचे बारा नव्हे, तेरा भाग करते. शेवटच्या भागाचं नावच ‘हॉलिडे’, आणि त्यात अशी स्टेशनं भरपूर वर चढतात. शहरात जो आधी नाताळ लावेल त्याची चांदी, दुसऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं. मग तारीख मागे मागे सरकणार नाही तर काय होणार? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

ऐकणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. २००१चा तो हिवाळा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरचा पहिला हिवाळा होता. कारमध्ये बसल्यावर कुणाला ओळखीचं, उबदार काहीतरी ऐकावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. दुकानाच्या काउंटरमागे आठ तास उभ्या असणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या हातात बटण नसतं.

‘ही गाणी हिवाळ्याची, ती हिवाळ्यातच वाजावीत’ हा युक्तिवादही मला पटत नाही, कारण यातली बरीच गाणी घामाघूम अवस्थेत जन्मली आहेत. ‘लेट इट स्नो’ जुलै १९४५मध्ये हॉलिवूडच्या उन्हाळ्यात लिहिलं गेलं. मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांचं ‘द ख्रिसमस साँग’सुद्धा त्याच वर्षीच्या उकाड्यातलं. बिंग क्रॉस्बीने ‘व्हाइट ख्रिसमस’ पहिल्यांदा रेकॉर्ड केलं ते मे १९४२मध्ये. बर्फाची गाणी लिहिणारे बर्फात नव्हते, आणि ती चांगली होण्याचं एक कारण हेच असावं.

‘व्हाइट ख्रिसमस’ नीट ऐका. आयर्विंग बर्लिनने त्याला एक प्रास्ताविक कडवं लिहिलं होतं, ते क्रॉस्बीच्या रेकॉर्डमध्ये नाही. त्या कडव्यातला माणूस लॉस एंजेलिसच्या उन्हात, पामच्या झाडांमध्ये उभा आहे आणि उत्तरेकडचा डिसेंबर आठवतो आहे. म्हणजे हे बर्फाचं गाणं नाही, बर्फ नसल्याचं आहे. बर्लिन स्वतः रशियन साम्राज्यातून आलेला ज्यू. त्याचा तान्हा मुलगा २५ डिसेंबर १९२८ला गेला. गाण्यात हे कुठेही येत नाही, पण त्या चालीतला जडपणा मला तरी नुसत्या घराच्या ओढीचा वाटत नाही. १९४२मध्ये परदेशात अडकलेल्या सैनिकांनी ते उचलून धरलं यात नवल काय?

‘हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस’ची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. १९४४च्या ‘मीट मी इन सेंट लुइस’ या चित्रपटात घर सोडून जावं लागणार म्हणून कोसळलेल्या धाकट्या बहिणीला जूडी गार्लंड ते गाऊन दाखवते. त्याचे पहिले शब्द इतके उदास होते की गार्लंडने ते बदलून घेतले. पुढे १९५७मध्ये फ्रँक सिनात्राने आणखी आनंदी शब्द मागितले आणि ह्यू मार्टिनने ते दिले. आज जास्त करून हीच पुसूनपासून लख्ख केलेली आवृत्ती कानावर पडते.

माझी तक्रार इथे आहे. ही गाणी वाट पाहण्याची, दुरावल्याची आहेत. ती सात आठवडे सलग वाजवली की वाट बघायला काही उरतच नाही, आणि गाण्यातलं दुःख ऐकू येईनासं होतं.

ऋतूबाहेर न वाजण्यात केवढी ताकद असते याचा एक पुरावा थेट इतिहासात आहे. एप्रिल १९७५च्या शेवटी सायगावमधून अमेरिकनांना बाहेर काढायचं होतं. सैन्याच्या रेडिओवरची ठरलेली खूण होती ‘व्हाइट ख्रिसमस’. एप्रिलच्या उकाड्यात ते गाणं कोणी उगाच लावणार नाही, या एका गृहीतावर ती खूण उभी होती.

आता फोनवर कुणीही मे महिन्यात मराया कॅरी लावू शकतं, आणि ती स्वतःच १ नोव्हेंबरला ‘वेळ झाली’ असं जाहीर करते. तिचं १९९४चं गाणं बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं ते २०१९मध्ये. ब्रेंडा ली तर १९५८च्या गाण्यासाठी २०२३मध्ये पहिली आली, वयाच्या ७८व्या वर्षी. हे स्ट्रीमिंगचं राज्य आहे आणि तिथे मनाला येईल ते ऐकावं. पण मग रेडिओचं वेगळेपण काय? एवढंच, की गाणं कधी लागणार हे आपल्या हातात नसतं आणि ते शेजाऱ्यालाही त्याच क्षणी ऐकू येतं. वाट बघायला लावणं हा रेडिओचा उरलेला एकमेव हक्क आहे. तो त्याने हॉलिडेच्या आकड्यांसाठी विकून टाकला.

चर्चला हे जमतं. वसईच्या मराठी ख्रिस्ती घरांत ‘आगमनकाळ’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार, वस्त्रं जांभळी, आणि त्या रविवारच्या मिस्सात ग्लोरिया गायला जात नाही. मध्यरात्रीच्या मिस्साला तो परत येतो, तेव्हा चार आठवडे गप्प बसलेलं देऊळ एकदम उघडतं.

मला विचाराल तर पहिल्या आगमन रविवारी तासाला एक गाणं लावा, तेही वाद्यांचं चालेल. मग हळूहळू वाढवा, आणि २४ तारखेच्या संध्याकाळी सगळे दरवाजे उघडा. आणि मग थांबू नका. कारण या स्टेशनांचा खरा गुन्हा नोव्हेंबरातला नाहीच. २६ डिसेंबर उजाडला की ती झटकन पूर्वपदावर येतात, जणू काल काही झालंच नव्हतं. नाताळ मात्र २५ला सुरू होतो आणि ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला पोचतो. ‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ डिसेंबरभर वाजवून वाजवून रडकुंडीला आणतात आणि त्या बारापैकी दुसऱ्याच दिवशी बंद करतात.