बाजारांतील बारसें

आमच्याकडे मुलाच्या बारशांत आत्याबाईचा मान मोठा असतो. नांव घरच्या मंडळींनीं अगोदरच ठरविलेलें असलें, तरी तें बाळाच्या कानांत प्रथम उच्चारण्याचा अधिकार तिचा. आणि त्याबद्दल तिला मिळते ती साडीचोळी. व्यापारी मालालाही आतां अशा आत्याबाया मिळाल्या आहेत. फरक इतकाच कीं, त्यांना नात्याची गरज लागत नाहीं व त्यांची बोळवण साडीचोळीवर होत नाहीं. कारखानदारानें नवी मोटार, नवा साबण किंवा नवें यंत्र सिद्ध केलें, कीं त्यास मोबदला घेऊन नांव शोधून देणाऱ्या पेढ्या अमेरिकेंत व युरोपांत गेलीं कांहीं दशकें चालू आहेत. शब्द घडविणें हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या कृतीकडे वाङ्मयाच्या टीकाकारानें पाहूं नये असें थोडेंच आहे? एकाच शब्दाची असली, तरी ती रचनाच होय. ती कोणत्या गुणांवर उभी राहते आणि भाषेच्या दृष्टीनें तिचें मोल काय, हें तपासून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम एक गाजलेलें उदाहरण घेऊं. इ. स. १९५५ मध्यें अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें आपल्या नव्या मोटारीस नांव सुचवावें म्हणून मेरिअन मूर या विख्यात कवयित्रीस पत्र घातलें. बाईंनीं मोठ्या उमेदीनें याद्यांमागून याद्या पाठविल्या. त्यांत ‘रेझिलियंट बुलेट’ म्हणजे लवचीक गोळी होती, ‘इंटेलिजंट व्हेल’ म्हणजे शहाणा देवमासा होता, आणि ‘मंगूस सिव्हीक’ या नांवांत आपलें मुंगूसही होतें. कारण इंग्रजींतील हा शब्द मराठींतूनच तिकडे गेलेला आहे. शेवटचें नांव ‘यूटोपियन टर्टलटॉप’. त्यांत स्वप्ननगरी आणि कासव यांची गांठ घातलेली! कंपनीनें यांपैकीं एकही नांव स्वीकारलें नाहीं. तिच्या जाहिरातदारांनीं हजारों नांवें जमविलीं, तींही बाजूस पडलीं, आणि अखेर संस्थापकाच्या दिवंगत पुत्राचें ‘एड्सेल’ हें नांव मोटारीस मिळालें. ती मोटार सप्टेंबर १९५७ मध्यें बाजारांत आली व नोव्हेंबर १९५९ मध्यें, कोट्यवधि डॉलरांचा तोटा देऊन, बंद झाली.

या कथेवरून लोक दोन धडे घेतात: एक, वाईट नांवानें मोटार बुडाली; दुसरा, कवि हा व्यवहारशून्य प्राणी असल्यामुळें त्यास असलें काम सांगूं नये. आमच्या मतें दोन्ही धडे चुकीचे आहेत. मोटार बाजारांत आली तीच मंदीच्या तोंडावर. तिच्या पुढल्या जाळीची लोकांनीं थट्टा केली, आणि तिची बांधणीही सदोष निघाली. याचा दोष एड्सेल या बापड्या नांवाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. कवयित्रीची अडचणही व्यवहारशून्यतेची नव्हती. तिचीं नांवें भरलेलीं होतीं, हीच त्यांची उणीव. ‘शहाणा देवमासा’ म्हटल्याबरोबर देवमासा समोर येतो आणि मोटारीस उभें राहण्यास जागाच उरत नाहीं. काव्यांतील शब्द अर्थानें ओथंबलेला असावा लागतो. दुकानांतील नांव बहुतांशीं रिकामें असावें लागतें, कारण त्यांत पुढें माल भरावयाचा असतो.

रिकाम्या शब्दाची ही कल्पना आपल्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हती. पतंजलीच्या महाभाष्यांत शब्दांची प्रवृत्ति चार प्रकारची मानिली आहे: जाति, गुण, क्रिया आणि यदृच्छा. कोणताही गुण किंवा क्रिया न दर्शवितां केवळ बोलणाऱ्याच्या इच्छेनें वस्तूस चिकटविलेला शब्द तो यदृच्छाशब्द. डित्थ व डवित्थ हीं त्याचीं शास्त्रांतील ठरलेलीं उदाहरणें. जॉर्ज ईस्टमन या अमेरिकन गृहस्थानें १८८८ मध्यें आपल्या छायाचित्रण-यंत्रास ‘कोडॅक’ हें नांव दिलें, तें याच जातीचें. त्यास कोणत्याही भाषेंत अर्थ नव्हता. क हें अक्षर ईस्टमनच्या विशेष आवडीचें. म्हणून तें आरंभीं आणि शेवटीं योजिलें, एवढेंच.

अशा शब्दास कायदाही अनुकूल असतो. मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगणारा शब्द सर्व व्यापाऱ्यांस लागणारा असल्यामुळें तो सहसा एकट्याच्या मालकीचा होऊं शकत नाहीं. दीर्घ वापरानें तो एकाच मालाची खूण बनला असेल, तर गोष्ट निराळी. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्याचें धोरणही हेंच आहे. या कुंपणाची गरज कशी पडते, हें ‘पेंटियम’च्या जन्मकथेवरून दिसेल. इंटेल कंपनी आपल्या संगणकाच्या चिपांस ३८६, ४८६ असे आंकडेच नांवादाखल देत असे. प्रतिस्पर्धी तेच आंकडे वापरूं लागले, आणि १९९१ मध्यें अमेरिकेंतील न्यायालयानें त्या आंकड्यावर इंटेलची मालकी मानण्याचें नाकारलें. तेव्हां पुढील चिपेसाठीं डेव्हिड प्लासेक यांनीं १९८२ मध्यें स्थापिलेल्या लेक्सिकॉन या कॅलिफोर्नियांतील पेढीस पाचारण झालें. पांच या अर्थाच्या ग्रीक शब्दास मूलद्रव्यांच्या नांवांत आढळणारें शेपूट जोडून तिनें ‘पेंटियम’ घडविलें. पांचवी पिढी सुचली, शास्त्राचा वास आला, आणि मालकीही पक्की झाली. कारागिरी म्हणून हें काम चोख आहे, यांत शंका नाहीं.

या पेढ्यांची कामाची रीतही लक्षांत घेण्याजोगी आहे. लहान लहान तुकड्या नांवें सुचवितात. त्यांपैकीं एखाद्या तुकडीस खरा माल कोणता हें मुद्दामच सांगत नाहींत, म्हणजे तिचें मन ठराविक चाकोरींतून सुटतें. शेंकडों, कधीं हजारों नांवें जमतात, आणि मग खरें काम सुरू होतें, तें निवडीचें नसून वगळण्याचें. बहुतेक नांवें वकील मारतात, कारण तीं दुसऱ्या कोणाचीं तरी असतात. उरलेल्यांतून भाषाज्ञ परभाषेंतील अपशब्द वेंचून काढतात. ही चाळणी निरर्थक नव्हे. मित्सुबिशी कंपनीची ‘पजेरो’ मोटार स्पॅनिश मुलखांत ‘मोंतेरो’ म्हणून विकावी लागली, कारण तिकडे पहिला शब्द अश्लील आहे. आणि कितीही चाळलें तरी दैवाचा भाग उरतोच. टाटांनीं आपल्या नव्या लहान मोटारीस ‘झिका’ हें नांव दिलें, आणि ती बाजारांत येण्याच्या सुमारास त्याच उच्चाराच्या विषाणूची सांथ जगभर गाजली. २०१६ मध्यें लोकांचीं मतें घेऊन तिचें ‘टियागो’ असें दुसरें बारसें करावें लागलें. उलट, शेव्हरोलेची ‘नोव्हा’ मोटार स्पॅनिश भाषेंत ‘चालत नाहीं’ असा अर्थ होत असल्यामुळें खपली नाहीं, ही वारंवार सांगितली जाणारी गोष्ट खोटी आहे. मेक्सिकोंत व व्हेनेझुएलांत ती मोटार चांगली खपली.

येथवर या कलेचा न्याय्य भाग झाला. यापुढें जाऊन जेव्हां नुसत्या ध्वनींत माल खपविण्याचें सामर्थ्य असल्याचें सांगण्यांत येतें, तेव्हां आम्हांस थांबावें लागतें. ध्वनि अगदींच मुका नसतो, हें खरें. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञानें १९२९ मध्यें दाखविलें कीं, ‘मल’ व ‘मिल’ अशा दोन कल्पित शब्दांपैकीं मोठ्या मेजास कोणता शोभेल असें विचारल्यास बहुसंख्य लोक ‘मल’ निवडतात. परंतु त्यावरून ध्वनि आकार सुचवितो एवढेंच सिद्ध होतें. मेज टिकाऊ आहे कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं. लेक्सिकॉननेंच नांव दिलेलें ‘ब्लॅकबेरी’ हें यंत्र पाहा. १९९९ मध्यें तें निघालें. त्याचीं बारीक बटणें फळावरील दाण्यांसारखीं दिसत, म्हणून हें नांव. यंत्रांच्या रुक्ष नांवांत तें उठून दिसलें, आणि जग त्याच्या नादीं लागलें. पुढें २००७ मध्यें ॲपलचा फोन आला. ‘ब्लॅकबेरी’चीं अक्षरें तींच राहिलीं, उच्चारांतील गोडीही कमी झाली नाहीं, पण गिऱ्हाईक गेलें, आणि २०१६ मध्यें कंपनीनें स्वतः फोन बनविणें सोडून दिलें. नांवाची जादू खरी असती, तर ती पडत्या काळींच कामास यावयास नको होती काय?

मग भाषेच्या दृष्टीनें या शब्दांचें मोल काय? शब्दाचा खरा उत्कर्ष म्हणजे तो सर्वांच्या तोंडीं बसणें. पण व्यापारी नांव सर्वांच्या तोंडीं बसलें, कीं तें मालकाच्या हातून निसटण्याचा धोका असतो. ‘ॲस्पिरिन’ हा शब्द अमेरिकेंत १९२१ मध्यें, आणि ‘एस्कलेटर’ १९५० मध्यें, असाच सर्वांचा झाला. आपल्याकडे वनस्पति तुपास कोणत्याही कंपनीचें असलें तरी डालडाच म्हणत आले, आणि कागदाची नक्कल कोणत्याही यंत्रावर काढली तरी आम्ही ‘झेरॉक्स काढतों’. मराठीनें या शब्दास स्वतःचें क्रियापद जोडलें, तेव्हां कंपनीची परवानगी विचारली नाहीं. म्हणजे शब्द म्हणून जें यश, तेंच मालमत्ता म्हणून अपयश. या कलेंत ही विसंगति मुळांतच आहे, आणि तिजमुळेंच तिची कृति शब्दसृष्टीच्या उंबरठ्यावर उभी राहते; आंत येऊं म्हटलें तर मालक मागें ओढतो.

शब्द घडवून देण्याचें काम आपल्याकडे नवें नाहीं. शिवछत्रपतींच्या काळीं राज्यव्यवहारकोश रचला गेला, तो फारसी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द रूढ व्हावे म्हणून. तीही राजाज्ञेनें झालेली घडणूकच. पण ते शब्द वापरण्यासाठीं दिलेले होते, राखण्यासाठीं नव्हेत. आजच्या पेढ्यांचा शब्द कोणत्याही देशांत कोणासही खटकूं नये अशा बेतानें घडतो, आणि त्यामुळेंच तो कोणाचाच राहत नाहीं. जगांतील सर्व जिभांस पेलेल अशा नांवांत आमच्या ळ ला जागा कोठून मिळणार? त्या नांवांस आम्ही वाईट म्हणत नाहीं. तीं निर्दोष आहेत, हेंच त्यांचें वर्णन पुरेसें आहे. मात्र कोल्हापूर, पुणें किंवा मडगांव येथील दुकानदार आपल्या पाटीवर असलेंच एखादें निर्दोष नांव घालण्यासाठीं मराठी शब्द खालीं उतरवूं लागला आहे, त्याचा विचार अवश्य व्हावा. जगभर माल विकणाऱ्यास रिकामा शब्द लागतो, हें त्याच्या धंद्याचें दुर्दैव आहे. ज्याचें गिऱ्हाईक आपल्याच गल्लींतील आहे, त्यानें भरलेला शब्द टाकून रिकामा घेण्याचें कांहीं कारण आम्हांस दिसत नाहीं.