दहा मिनिटांचं वाङ्मय

माझी मराठी समीक्षकांबद्दल एक जुनी तक्रार आहे. कथेवर लिहितात, कवितेवर लिहितात, न कळलेल्या कवितेवर तर जास्तच लिहितात. पण घराघरांत रोज वाचला जाणारा, वाचल्यावर लगेच अमलात येणारा आणि अमलात आल्यावर लेखकाचा उद्धार करवणारा जो एकमेव वाङ्मयप्रकार आहे, त्या पाककृतीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. शेवटी हे काम बँकेतल्या कारकुनावर येऊन पडलं. येईना का! दुसऱ्याने भरून दिलेला कागद संशयाने वाचायचा मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. समीक्षेला एवढं भांडवल पुष्कळ झालं.

परीक्षणासाठी घेतलेली कृती : 'झटपट स्टेक बाइट्स'. पृष्ठसंख्या एक. वेळ, लेखकाच्या मते, दहा मिनिटं. प्रकाशनस्थळ : माझ्या धाकट्या बहिणीच्या फ्रिजचं दार, न्यू जर्सी, अमेरिका.

बहीण चाळिशीला टेकली तरी आमच्यात ती अजून बेबीच. गेल्या उन्हाळ्यात तिने तिकीट काढून मला तिकडे बोलावलं. मी पोचलो त्याच आठवड्यात तिच्या ऑफिसातली मंडळी जेवायला यायची होती. पाहुणे अमेरिकन, तेव्हा आधी त्यांच्या ओळखीचं काहीतरी द्यावं, या सद्हेतूने बेबीने हा कागद मिळवला आणि लोहचुंबकाने फ्रिजला चिकटवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, आईला बोलू नकोस हं."

इथे थोडा खुलासा करायला हवा. आमच्या घरात मासे चालतात, मटण तर पळतं. पण 'मोठ्याचं' हा शब्दसुद्धा आई स्वयंपाकघरात उच्चारू देत नाही. आणि अमेरिकेत स्टेक म्हणजे तेच. तेव्हा मी परीक्षक व्हायच्या आधीच गुन्ह्यातला साथीदार झालो होतो. समीक्षेत हे अगदीच नवीन नाही.

सुरुवात शीर्षकापासून करू. 'स्टेक बाइट्स' म्हणजे मांसाचे घास. हे काय नाव झालं? कवितासंग्रहाला 'ओळी' असं नाव देण्यापैकीच हा प्रकार. हाच पदार्थ इतर देशांनी काय रसिकतेने वाढला आहे पाहा. जपानात चौकोनी तुकड्यांच्या स्टेकला 'साइकोरो स्टेक' म्हणतात. साइकोरो म्हणजे सोंगट्यांच्या खेळातले फासे. व्हिएतनामी लोक 'बो लुक लाक' म्हणतात, कारण तवा हलवून हलवून तुकडे परतायचे. आणि पोर्तुगालमध्ये मांसाच्या लहान लहान तुकड्यांची जी बशी बिअरबरोबर येते, तिचं नाव 'पिका-पाव', म्हणजे चक्क सुतारपक्षी! कारण सगळे जण हातात दातकोरणं घेऊन बशीत टोचा मारत बसतात. आपल्या गोव्यातलं बीफ चिली फ्राय हे याच गोतावळ्यातलं. तेही निदान मिरचीशी प्रामाणिक आहे. एवढी थोर परंपरा मागे असताना या लेखकाला सुचलं काय, तर 'घास'.

पोटशीर्षक आहे 'अ‍ॅपेटायझर', म्हणजे भूक चाळवणारा पदार्थ. ही कल्पनाच मुळात सुखवस्तू देशातली. आपल्याकडे पंगतीला बसलेल्या माणसाची भूक चाळवावी लागत नाही. वरणभात येईपर्यंत ती आवरावी लागते.

आता कथानकाकडे वळू. नायक म्हणून सरलॉइन, रिबआय किंवा टेंडरलॉइन यांपैकी कोणीही चालेल, असं लेखक म्हणतो. हे जनावराच्या पाठीकडचे भाग. या स्नायूंना जेवढं काम कमी, तेवढं मांस मऊ. त्यातही टेंडरलॉइन सगळ्यांत कमी काम करतो, सगळ्यांत मऊ असतो आणि त्याचा भाव सगळ्यांत जास्त असतो. बेबीला हे मोठं आश्चर्य वाटलं होतं. मला वाटलं नाही. मी वीस वर्षं बँकेत काढली आहेत.

पण इथे लेखकाला त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. आपलं बोकडाचं मटण दहा मिनिटांत होईल असं कोणी म्हणालं, तर त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल. राबलेल्या स्नायूत चिवट धागे फार. त्यातलं कोलॅजन ओल्या उष्णतेत तास-दीड तास शिजून जिलेटिन झालं, की मग कुठे ते मटण दाताशी समेट करतं. या मऊ भागांत ते धागेच कमी. तेव्हा शिजवायचं म्हणजे फक्त वरून खमंग करायचं आणि आतून बिघडू द्यायचं नाही. म्हणजे 'झटपट' हा शब्द अगदीच बोगस नाही. त्यावरची सही खरी आहे, रक्कम तेवढी चुकली आहे.

रक्कम कशी चुकली ते सांगतो. मी बी.कॉम. आहे, आणि भूमितीशी माझा संबंध शाळेतच संपला. तरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सहा इंच लांब, चार इंच रुंद आणि एक इंच जाड असा स्टेक घ्या. त्याची सगळी बाहेरची बाजू भरते 68 चौरस इंच. त्याचेच इंच-इंचाचे तुकडे केले तर होतात 24. प्रत्येकाला सहा बाजू. म्हणजे 144 चौरस इंच. दुपटीहून जास्त! या पदार्थाचं सगळं मर्म या हिशेबात आहे. कारण चव असते ती त्या तपकिरी कातडीत. मांसातली प्रथिनं आणि साखर यांचं तापल्यावर जे काही जमतं, त्यावर लुई-कामिय मायार या फ्रेंच माणसाने 1912 साली पहिल्यांदा लिहिलं, म्हणून त्याला मायार क्रिया म्हणतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, सगळीकडे हेच प्रकरण. बाजू दुप्पट, तर खमंगपणा दुप्पट. लेखकाने ही गोष्ट एका शब्दाने सांगितलेली नाही. उलट 'प्रत्येक तुकडा सर्व बाजूंनी परतावा' असं सहज लिहून गेला आहे. अहो, 144 बाजू! एका बाजूला दोन सेकंद धरले तरी नुसती उलथापालथ पाच मिनिटांची झाली. दहातली पाच तिथेच संपली.

भाषाशैलीबद्दल काय बोलावं? 'मोठ्या आचेवर परतल्याने रस आत कोंडला जातो' हे वाक्य पाहा. हे वाक्य लेखकाचं नाही, उसनं आहे. लीबिश नावाच्या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1847 च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना मांडली आणि तेव्हापासून ती एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात बदलीवर जाते आहे. हॅरल्ड मॅगी यांनी 1984 साली 'ऑन फूड अँड कुकिंग'मध्ये तिचा चांगला समाचार घेतला, तरी तिची निवृत्ती काही होत नाही. खरं म्हणजे याला शास्त्रज्ञ कशाला हवा? तव्यावर जो चर्र आवाज येतो, तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच. खातं जर सीलबंद झालं असेल, तर पैसे काढणं चालू कसं?

'चवीपुरतं मीठ' आणि 'आवडीप्रमाणे शिजवा' ही दोन वाक्यंही आहेतच. पाककृतीच्या लेखकाला जिथून पळ काढायचा असतो, तिथे तो वाचकाच्या आवडीचा आदर करतो. अमेरिकेचं शेतीखातं सांगतं, की अख्ख्या तुकड्याचं मांस आतून 63 अंश सेल्सियसपर्यंत तापवा आणि तीन मिनिटं तसंच राहू द्या. हॉटेलात शौकीन लोक मागतात ते 55 अंशांच्या आसपासचं. जाडजूड स्टेकमध्ये या दोन मतांमधून निवड करायला थोडी तरी सवड मिळते. इंचाच्या तुकड्यात ती सगळी निवड मिनिटाच्या आत उरकायची असते. अशा वेळी 'आवडीप्रमाणे' म्हणणं म्हणजे चालत्या लोकलमधून उतरणाऱ्याला 'सावकाश' म्हणण्यासारखं आहे.

पण या कृतीचा मुख्य दोष तिच्यात जे नाही त्यात आहे, आणि तो मला परीक्षणात सापडला नाही. तो प्रयोगात सापडला.

शनिवारी सकाळी रंगीत तालीम होती. बेबीने दोन पौंड मांस आणलं होतं. त्यातल्या निम्म्याचे तुकडे केले, मीठ-मिरपूड लावली, तवा ठेवला, लोणी सोडलं आणि चोवीसच्या चोवीस तुकडे एकदम टाकले. अर्धं मिनिट चर्र झालं. मग तवा गप्प झाला. मग हळूहळू रटरट असा आवाज यायला लागला आणि तुकडे स्वतःच्याच पाण्यात राखाडी होऊन बसले. रविवारी धुतलेल्या लेंग्याचा असतो तसा रंग. मेहुण्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि, "चव चांगली आहे," असं नवरे ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात म्हणाले. बेबीचे डोळे भरून आले. पंधरा वर्षं त्या देशात राहिलेली बाई. तिचं म्हणणं एवढंच होतं, की यांच्या घरचं यांना नीट करून घालावं. यांनी एवढं तरी म्हणावं, की हिला आपलं येतं.

आणि नेमका त्याच वेळी आईचा फोन आला. तिकडे सकाळचे दहा, डोंबिवलीत संध्याकाळचे साडेसात, तिची नेहमीची वेळ. बेबीने फोन उघडा करून ओट्यावर ठेवला.

"काय करत्येस?" आईने विचारलं.

"सुरमई तळत्येय," बेबी म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

"मग रटरट आवाज कसला? सुरमई अशी वाजत नाही. किती तुकडे टाकलेस?"

"चोवीस."

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तव्यात गर्दी केलीस. पाणी सुटलं. आधी फडक्याने टिपून कोरडे केलेस का? तवा कसला आहे? बिडाचा? मग तो चांगला तापू दे, घाई करू नकोस. एका वेळी सहाच टाक. आणि टाकलेस की ढोसत बसू नकोस. भाजलं की ते आपणहून सुटतं. लोणी कशाला घेतलंस? करपेल. तूप नाही का घरात?"

वाचकहो, आईने विज्ञान कुठल्याही शाळेत शिकलेलं नाही. पण या सात-आठ वाक्यांत खोडायला एक अक्षर नाही. पाणी असेपर्यंत तव्याचा तळ शंभर अंशांच्या वर फारसा चढत नाही, आणि तो खमंग रंग यायला एकशे चाळिसाच्या पुढे जावं लागतं. गर्दी केली की तुकडे भाजत नाहीत, उकडतात. लोण्यातला दुधाचा अंश करपतो. तुपात तो कढवताना आधीच गाळला गेलेला असतो. छापील कृतीत यातलं एकही वाक्य नव्हतं.

उरलेल्या मांसाचे बेबीने पुन्हा चोवीस तुकडे केले. कोरडे टिपले, सहा-सहा करून चार वेळा टाकले. तुपात. लसूण आणि जरासं लोणी अगदी शेवटी, आच कमी करून. तुकडे बदामी झाले. धूर इतका झाला, की छतावरचं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं आणि मेहुणे खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालत राहिले. मी घड्याळ लावलं होतं. टिपणं सहा मिनिटं, कापणं नऊ, तवा तापणं पाच, चार खेपा बारा, मुरू देणं तीन, यंत्राची समजूत काढणं चार. एकूण एकोणचाळीस. कागदावरचे दहा वजा जाता एकोणतीस मिनिटांची तूट निघाली. एवढी तूट माझ्या काउंटरवर आली असती तर मी घरी गेलो नसतो.

पाहुण्यांच्या दिवशी बशी दातकोरण्यांसकट रिकामी झाली, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. परीक्षकाने स्वतः खाल्लं की नाही हे विचारू नये. पुस्तक वाचलं का, असं तुम्ही समीक्षकाला विचारता का? निघायच्या आदल्या रात्री मी फ्रिजवरच्या कागदाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं : 'एका वेळी सहाच. ढोसू नये.' माझ्या मते त्या कृतीची ही पहिली सुधारलेली आवृत्ती.

मी परत आलो. दुसऱ्या दिवशी चहा देताना आई म्हणाली, "काय रे, सुरमईचे चोवीस तुकडे कोण करतं?"

मी कपात पाहत राहिलो. मग म्हटलं, "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"न कळायला काय झालं?"

"मग बोलली नाहीस ती?"

"पोरीच्या तव्यात पाणी सुटलं होतं," आई म्हणाली. "आधी ते आटवायचं, की कसलं मटण ते विचारायचं?" आणि आत जाता जाता थांबून म्हणाली, "झालं का नीट मग?"