सरोवरकाठचे परके घर

डी. एच. लॉरेन्स १९२३ साली मेक्सिकोतील चापाला सरोवराच्या काठी, त्याच नावाच्या लहानशा गावात येऊन राहिला. 'द प्लूम्ड सर्पंट' या कादंबरीचा पहिला खर्डा त्याने तेथेच लिहिला. कादंबरी १९२६ साली प्रसिद्ध झाली. तीत चापालाचे नाव सायुला झाले आहे, आणि केट लेस्ली ही आयरिश विधवा तेथे भाड्याने घर घेते.

प्राचीन देवांचे पुनरुज्जीवन, त्यांची स्तोत्रे, त्यांचे विधी यांनी या कादंबरीची बरीच पाने व्यापली आहेत. आमच्या मते तिचा प्राण मात्र त्या भाड्याच्या घरात आहे. चोरांच्या भयाने केटला रात्री झोप येत नाही. मग मोलकरीण जुआना हिचा मुलगा एसेकिएल पिस्तूल घेऊन दाराबाहेर निजू लागतो. परक्या गावी आपण कोणाच्या भरवशावर डोळे मिटतो, हा प्रश्न लॉरेन्सने येथे अचूक पकडला आहे. परंतु तो त्याने अर्ध्यावरच सोडला. पहारा देणारा मुलगा शेजारी होण्यापूर्वीच केटला देवीपद प्राप्त होते. सामान्य गावकरी एक तर सेवक राहतो, नाही तर उपासक.

आज त्याच काठावर, विशेषतः आहिहिक येथे, अमेरिका व कॅनडातून आलेल्या निवृत्तांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे हा प्रश्न जुना झालेला नाही. परप्रांतात संसार मांडलेल्या आमच्या वाचकांनी स्तोत्रांसाठी नव्हे, त्या घरासाठी ही कादंबरी अवश्य वाचावी.