फायटरनं करायचं काय?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांमधला सगळ्यात जुना वाद म्हणजे कोणता क्लास भारी. आणि तो भांडला जातो डॅमेजच्या आकड्यांवर. फायटर दर फेरीला किती मारतो, विझार्ड किती, याची कोष्टकं मांडली जातात. मला त्या कोष्टकांचा कंटाळा आलाय. चार तास टेबलावर बसलेल्या माणसाला त्या चार तासांत गोष्टीतलं काय ठरवता आलं, एवढंच मी बघतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी: एक जण डंजन मास्टर होऊन जग चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि फासे टाकतात. पात्राचा पेशा म्हणजे क्लास. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी खेळ काढला तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. चोर आला पुढच्या वर्षीच्या पुरवणीत. गंमत म्हणजे कुलूप उघडणारा ‘नॉक’ हा मंत्र जादूगाराकडे आधीपासूनच होता. चोराचा फासा उलटा पडू शकतो, मंत्राला फासा टाकावाच लागत नाही. बिचारा चोर जन्मतःच अर्धा बेकार.

पण जुन्या नियमांना एक हिशेब होता. पहिल्या लेव्हलचा जादूगार दिवसाला एक मंत्र म्हणायचा आणि मांजरीच्या पंज्यानं मरायचा. पुढे तो डोईजड व्हायचा, हे खरं. मात्र नवव्या लेव्हलला फायटर गढी बांधू शकायचा, मुलूख राखायचा, त्याच्याकडे सैनिक चाकरीला यायचे. म्हणजे विझार्ड आकाशातून आग पाडत असेल, तर फायटर सरदार झालेला असायचा. ही बरोबरी डॅमेजच्या कोष्टकात मावत नाही.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीत ही गढी गेली. अनुयायी जमवायची सोय ‘लीडरशिप’ नावाच्या फीटमध्ये टाकली, आणि ती विझार्डलाही घेता येते! फायटरच्या हातात राहिली फक्त तलवार. विझार्ड उडतो, अदृश्य होतो, क्षणात दुसऱ्या शहरात पोचतो. आणि दरबारात बोलणी सुरू झाली की फायटरवाला मोबाइल काढतो. हे मी इतक्या टेबलांवर पाहिलंय की त्यात मला खेळणाऱ्याचा आळस दिसत नाही, नियमांची रचना दिसते.

२००८ची चौथी आवृत्ती लोकांनी फार झोडपली. सगळे क्लास एकाच साच्यातले झाले, ही तक्रार रास्तच आहे. तरी त्यातला फायटर मला आवडतो. तो शत्रूला ‘मार्क’ करतो. मग शत्रूनं त्याला सोडून दुसऱ्यावर वार केला तर नेम कमी होतो आणि फायटरचा फटका बसतो तो वेगळाच. कुणी कुणाशी लढायचं हे फायटर ठरवतो. फक्त लढाई संपली की परत शुकशुकाट.

पाचव्या आवृत्तीत (२०१४) विसाव्या लेव्हलचा फायटर एका दमात चार वार करतो. विझार्डला सतराव्या लेव्हलपासून ‘विश’ मिळतो, म्हणजे जवळजवळ वाटेल ते मागायची मुभा. चारच्या जागी सहा वार दिले तरी इथं काय फरक पडणार? २०२४च्या सुधारित नियमांत फायटरला शस्त्रांचे नवे डावपेच मिळाले, त्यावर बरीच चर्चा झाली. मला त्याहून आवडलं ते ‘टॅक्टिकल माइंड’: दम भरून काढण्याची ताकद खर्चून हुकलेल्या कौशल्य-चाचणीत दहा बाजूंच्या फाशाची भर घालता येते. पहारेकऱ्याला पटवताना, भिंत चढताना, कुठेही. छोटंसं आहे, पण लढाईच्या बाहेरचं आहे.

‘आर्स मॅजिका’नं १९८७ मध्येच हा तिढा वेगळ्या बाजूनं सोडवला होता. तिथे जादूगार उघडपणे सगळ्यांहून ताकदवान असतात, आणि बरोबरी पात्रांऐवजी खेळाडूंमध्ये साधतात. प्रत्येकाकडे एक जादूगार आणि एक सोबती, शिवाय शिपाईगडी सगळ्यांचे सामायिक. आज तुझा जादूगार मोहिमेवर, माझ्याकडे भालेवाला. पुढच्या वेळी उलट. हा खेळ रचणाऱ्या दोघांपैकी एक जोनाथन ट्वीट. गढी काढून टाकणाऱ्या तिसऱ्या आवृत्तीच्या रचनाकारांमध्येही तोच होता.