कापूसकोंड्याची गोष्ट आणि अर्थाचा आग्रह

आपल्या घरांतून वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून मुलांच्या कानी जे वाङ्मय पडत आले, त्याचे दोन भाग सहज पडतात. बोधकथा, व्रतकथा आणि पुराणकथा हा पहिला भाग. त्याला संग्राहक मिळाले, टीकाकार मिळाले, पाठ्यपुस्तकांत जागाही मिळाली. दुसरा भाग निव्वळ थापांचा, उत्तर नसलेल्या कोड्यांचा आणि कधीच सांगून न होणाऱ्या गोष्टींचा. मुलांना झोपविण्याचे एक साधन, ह्यापलीकडे सुशिक्षित वर्गाने त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. आणि जेव्हा पाहिले, तेव्हा त्याला काहीतरी अर्थ चिकटविण्याच्या खटपटीनेच पाहिले. ही खटपट ह्या वाङ्मयास उपेक्षेहूनही अधिक बाधक आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम साधे कोडे आणि निरर्थक कोडे ह्यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. झाडावर टांगलेली पाण्याची विहीर कोणती, असे विचारले म्हणजे मूल क्षणभर गोंधळते; पण नारळ हे उत्तर मिळताच जग पुन्हा जागच्या जागी येते. कोकणात ज्याला हुमाण म्हणतात ते बहुधा ह्याच जातीचे. त्यातील विसंगती ही वरवरची असते आणि उत्तराने ती मिटते. थापेचे तसे नाही. तिच्यातील विसंगती मिटावयाचीच नसते.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे काट्याच्या टोकावर वसलेल्या तीन गावांची गोष्ट. त्यांतील दोन गावे ओसाड, आणि तिसरे वसतच नाही. त्या न वसलेल्या गावात तीन कुंभार येतात. दोघे थोटे, तिसऱ्याला घडविता येत नाही. त्याने घडविलेल्या तीन मडक्यांपैकी दोन कच्ची, तिसरे भाजतच नाही. आणि त्यात शिजत घातलेल्या मुगांचीही तीच गत. येथे प्रत्येक वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, क्रम तर्कशास्त्रातल्याइतका काटेकोर आहे. आणि तरीही प्रत्येक पायरीवर पायाखालची जमीन काढून घेतलेली आहे. जे झालेच नाही त्यावर पुढचे उभे राहते. ऐकणारे मूल हसते ते ह्या गंभीर चालीला. सांगणाऱ्याने जरा जरी हसू दाखविले, की गोष्ट संपली!

ही रचना ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या अभंगातही आढळते, आणि टीकाकारांनी तिचा त्रिगुणादी तत्त्वांवर अर्थ लाविला आहे. त्या अर्थाशी आमचे भांडण नाही. जे मुळात उत्पन्नच झाले नाही त्याचा पसारा कसा भासतो, हे सांगावयास वेदान्ताला ह्याहून सोयीचे साधन मिळणे कठीण. वंध्येचा पुत्र, आकाशपुष्प आणि सशाचे शिंग हे शास्त्रकारांचे दृष्टान्तही ह्याच गोत्राचे आहेत. परंतु ह्यावरून आजीने सांगितलेली थाप ही अध्यात्माची मोडकी आवृत्ती ठरत नाही. लीळाचरित्रात, म्हणजे तेराव्या शतकातच, चक्रधरांच्या मुखी चिऊकाऊच्या मेणाच्या आणि शेणाच्या घरांची गोष्ट आहे. थोर पुरुष घरगुती गोष्टी निःसंकोच उचलीत, ह्याचा तो पुरावा. कूटाला अर्थ असेल. थापेला तो असलाच पाहिजे, हा आग्रह मात्र निराधार आहे.

इंग्रजीतील प्रसिद्ध विनोदी कवी एडवर्ड लिअर हिंदुस्थानात आला असता त्याची ‘द कमरबंड’ ही कविता 1874 साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात छापली गेली. तीत त्याने धोबी, कमरबंद असे येथील शब्द घेऊन त्यांना भलतेच अर्थ दिले आहेत. परक्या कानाला ते शब्द नुसते नाद वाटतात, म्हणून गंमत. आमच्या आजीची रीत नेमकी उलट. तिचे गाव गावच असते, मडके मडकेच असते. शब्दाचा अर्थ ती मोडीत नाही, जगाचा नियम मोडते. म्हणूनच तिच्या थापेत मुलाला शब्दांचा आणि सत्याचा काडीमोड प्रथम दिसतो. वाक्य नीट जुळले म्हणून ते खरे ठरत नाही, हे ज्ञान कोणत्याही बोधकथेपेक्षा मोलाचे आहे. आणि ते देते ती एरवी जिचा शब्द खाली पडू द्यावयाचा नाही अशी वडील व्यक्ती. आपले खोटे पकडले जावे, अशीच तिची त्या घटकेला इच्छा असते.

कापूसकोंड्याच्या गोष्टीत तर गोष्टच नाही. ‘सांगू का?’ ह्या प्रश्नाला मूल जे काही म्हणेल तेच शब्द उचलून प्रश्न पुन्हा त्याच्यापुढे ठेवावयाचा, एवढाच तिचा व्याप. मूल ‘हो’ म्हणो, ‘नको’ म्हणो, की गप्प बसो, सुटका नाही. छापील पानावर हिच्या दोन ओळीही होत नाहीत. परंतु घरात ती अर्धा तास चालते. कारण तिचा अर्धा कर्ता ऐकणारा आहे.

ह्या वाङ्मयात सारेच निर्मळ आहे असे नाही. थोट्याचे घडविणे, आंधळ्याचे पाहणे, लंगड्याचे धावणे ह्यांवर ते वारंवार हसते, आणि घरात तसे मूल असेल तर हे हसू बोचल्यावाचून राहणार नाही. कापूसकोंड्याचा उपयोगही पुष्कळदा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे तोंड बंद करण्याकडे होतो. खेळ आणि कुचेष्टा ह्यांतील रेघ बारीक आहे. ती सांगणाऱ्याच्या मायेवर अवलंबून असते. पहिल्या दोषावर उपाय सोपा आहे: थोटा कुंभार बदलून चाकाशिवायचा कुंभार घातला तरी थापेचे काही बिघडत नाही. अशा गोष्टी पिढ्यानपिढ्या बदलतच आल्या आहेत.

मेरी फ्रिअर ह्यांचे ‘ओल्ड डेक्कन डेज’ 1868 साली निघाले. त्यातील गोष्टी ॲना लिबराटा डिसूझा ह्या आयेने सांगितलेल्या असून तिने त्या आपल्या आजीपासून ऐकल्या होत्या. तिचे स्वतःचे निवेदनही त्या पुस्तकात दिले आहे. पुढच्या संग्राहकांनी हा पायंडा घ्यावा. थाप छापावयाची तर ती कोणी, कोणास, कोणत्या वेळी सांगितली, ऐकणारा कोठे अडखळला, हेही टिपावे; शेवटी तात्पर्य मात्र जोडू नये. आणि छापण्याआधी ती घरात सांगावी. आजी वेगळ्या गावी आणि नातू वेगळ्या गावी, अशी आज अनेक कुटुंबांची स्थिती आहे. पुराणकथा पुस्तकातून परत मिळेल. पण तोंड गंभीर ठेवून खोटे बोलण्याची ती कला पुस्तकातून मिळणार नाही.