पडद्यावरचं काम: २०११ ते २०२० मधले माझे आवडते मराठी चित्रपट

(खापरखेडा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषय दिला आहे 'दशकातले आवडते चित्रपट'. 'सर्वोत्कृष्ट' म्हटलं असतं तर मी आलो नसतो, कारण ते ठरवायला परीक्षक मंडळं आहेत. आवडते म्हटलं की निदान आपण आपली आवड तपासून पाहू शकतो. मी माझी यादी काढली आणि माझ्या लक्षात आलं, की यातल्या प्रत्येक चित्रपटात कुणीतरी काम करताना दिसतं. काम म्हणजे खरंखुरं, हातापायांनी करायचं, पोटासाठीचं काम. आज तेवढ्याच एका धाग्यावर बोलतो.

तुम्ही म्हणाल, सगळ्याच सिनेमांत लोक काही ना काही करत असतात. नाही, बघा आठवून. नायक इंजिनिअर असतो, पण तो इंजिनिअर असल्याचं आपल्याला फक्त सांगितलं जातं. ऑफिसचं एक दृश्य, एक फाईल, एक बॉस, की झाली नोकरी. आपल्या केंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० चा एक असे पाच संच चालतात. सीएचपीत कोळशाची धूळ खाणारा माणूस असो की नाइट शिफ्ट करून सकाळी घरी येणारा, त्याच्या दिवसातले आठ तास पडद्यावर कुठे असतात? माणसाचं जगणं दाखवायचं आणि त्यातले आठ तास गाळायचे, हे कसं जमणार?

आता यादीकडे येतो. सुरुवात नागपूरच्या राजेश पिंजानी यांच्या 'बाबू बँड बाजा'पासून. २०११ मध्ये जाहीर झालेल्या ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत याला पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला. मिताली जगताप आणि बालकलाकार विवेक चाबुकस्वार यांनाही मिळाला. बाप बँडवाला. त्याला वाटतं पोरानं वाजवायला यावं, आईला वाटतं त्यानं शाळेत जावं, आणि पोराचं दप्तर हरवतं. एवढीच गोष्ट. काही ठिकाणी हा चित्रपट रडवायला फार उतावीळ होतो, हे मला खटकतं. पण लोकांच्या लग्नात आणि मयतीत वाजवणाऱ्या माणसाला गावात जागा कुठली, हे त्यानं नेमकं दाखवलं. तो प्रत्येक घरच्या प्रसंगाला हजर असतो आणि कुठल्याच घरचा नसतो.

दुसरा, 'फँड्री'. नागराज मंजुळे, १४ फेब्रुवारी २०१४. आपण त्याला जब्या आणि शालूची गोष्ट म्हणून लक्षात ठेवतो. खरं तर शालू त्यात फारशी उलगडतच नाही, ती जब्याच्या नजरेतलं चित्र म्हणून राहते. माझ्या लेखी तो चित्रपट एका कामाबद्दल आहे: डुक्कर पकडणं. शेवटचा मोठा भाग त्यालाच दिलेला आहे. पळणं, घेरणं, निसटणं, पुन्हा पळणं. आणि भोवती गाव बसलं आहे, मॅच बघावी तसं. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या थांबतो, बाप थांबतो, आणि हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. नंतर ते डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू महाराजांची चित्रं दिसतात. कुणीही त्यावर भाष्य करत नाही. हे सगळं दोन मिनिटांत उरकलं असतं तर आपल्याला फक्त दया आली असती. मंजुळेंनी वेळ दिला, म्हणून आपण बघता बघता हसणाऱ्या गावकऱ्यांच्या बाजूला जाऊन बसतो. शेवटचा दगड आपल्याकडे येतो तो त्यामुळे.

तिसरा, 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट २०१४ मध्ये व्हेनिसला गाजला आणि २०१५ मध्ये आपल्याकडे आला. यातले शाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. 'विद्रोही'चे संपादक, आयुष्यभराचे कार्यकर्ते. १३ एप्रिल २०२१ ला कोरोनानं ते गेले. आरोप असा, की कांबळेंचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून आत्महत्या केली. मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि शांतपणे त्याचं काम सांगते. वास सहन व्हावा म्हणून तो दारू प्यायचा. गटारातून झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, असं समजायचा. एक डोळा तर कामातच गेला होता. सुरक्षेचं साधन काहीच नाही. पुढं वकील तिला पैसे देऊ करतो, तर ती म्हणते काम असेल तर सांगा. मराठी सिनेमातल्या कितीतरी जळजळीत भाषणांपेक्षा मला ही साक्ष मोठी वाटते.

आणि ताम्हाणे तिथे थांबत नाहीत. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, कोर्टातून निघते, लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते. तिलाही दुसरी शिफ्ट आहे. तिच्यावर आपल्याला राग धरता येत नाही, आणि तीच बाई उद्या कांबळेंना आत ठेवायला उभी राहणार आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. अन्याय करायला खलनायक लागत नाही. आपापलं रोजचं काम नेमानं करणारी माणसं पुरतात.

इथे दोन चित्रपटांचा झटपट उल्लेख करतो, दोन्हींत अमृता सुभाष आहेत. 'अस्तु'मध्ये स्मृती हरवलेल्या पंडिताला माहुताची बायको लेकरासारखं सांभाळते. सांभाळणं हेही काम आहे, फक्त त्याचा पगार नसतो. आणि अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. सरकारी नोकरीतली विधवा आई, कोकणात बदली, कचेरीतला दबाव, आणि शेवटी पुन्हा बदली. वसाहतीत वाढलेल्या मुलांना हे समजावून सांगायची गरज नाही. मित्र जमले की सामान बांधायचं.

शेवटचा, 'सैराट'. २९ एप्रिल २०१६. कमाईचे विक्रम मोडले, गाणी वरातीत वाजली. पण बाहेर पडणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'पहिला हाफ भारी, दुसरा लांबला.' मला उलट वाटतं. पहिल्या भागात स्लो मोशन जरा जास्तच आहे. हैदराबादला पोचल्यावर मात्र आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात लागते, परश्या डोशाच्या गाडीवर. पाटलाची लेक पहिल्यांदा स्वतःच्या हातानं कमावते, नवी भाषा शिकते. त्यांचं प्रेम तिथे पक्कं होतं, त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या दिवसांत. ते दिवस आपण त्यांच्यासोबत काढले, म्हणून शेवट एवढा लागतो.

आता एक आक्षेप घेतला जाईल. 'कट्यार काळजात घुसली' नाही, 'नटसम्राट' नाही, ही कसली यादी? दोन्ही मी आनंदानं पाहिले. पण त्यांतली माणसं मला नाटकाच्या ओळखीनं आधीच माहीत होती. वरच्या चित्रपटांनी मला माहीत नसलेलं बघायला लावलं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: सगळं दुःखच का? तर नीट बघा, जब्या चिमणीच्या मागे फिरतो, 'किल्ला'तली पोरं सायकली पळवतात. काम दाखवणारा चित्रपट रडकाच असतो असं नाही. कामात थट्टा असते, कौशल्य असतं, ऐट असते. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला विचारा.

माझी तक्रार वेगळीच आहे. या यादीत गटार आहे, डुक्कर आहे, बँड आहे, डोसा आहे. कोळसा नाही. खाण नाही, राखेचा बंधारा नाही, ठेकेदाराच्या पावतीवर काम करणारा माणूस नाही. मुंबईच्या थेटरात पडदा उजळतो त्या विजेत आपलाही वाटा आहे, पण ती वीज तयार करणारा माणूस त्या पडद्यावर नाही. पुण्या-मुंबईचे लोक काहून येत नाहीत, असं विचारत बसण्यात अर्थ नाही. मंजुळे जेऊरचे, त्यांनी आपला भाग दाखवला. इथल्या पोरांच्या खिशात कॅमेरा आहे. गोष्ट शोधायला लांब जाऊ नका. घरात जो कुणी शिफ्टला जातो, तो नेमकं काय करतो, हे आधी त्याला विचारा. मी विचारून पाहिलं आहे, पुष्कळ मुलांना सांगता येत नाही.

आता तुमची यादी सांगा.