कालकेयांची किलिकी आणि आपला ‘न’

मंडळी, ‘बाहुबली’चा पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला. त्यातली कालकेयांची टोळी तुम्हाला आठवत असेलच. त्यांची भाषा किलिकी. तमिळ गीतकार मदन कार्की यांनी ती घडवली, सुमारे ७५० शब्द आणि ४० व्याकरण-नियमांसह. काम हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ‘मिन’ म्हणजे मी, आणि तोच शब्द उलटा वाचला की ‘निम’ म्हणजे तू. तत्त्वज्ञानात आयुष्य काढलेल्या आम्हाला हे आवडणारच! आमची तक्रार आहे ती ध्वनींबद्दल.

किलिकी लक्षात राहते ती जिभेच्या टकटकाटामुळे. टोळी रानटी वाटावी, म्हणून हे परके आवाज. पण परके कुठे आहेत? कुणाचं वाईट झालं की आपण ‘च्च् च्च्’ करतो. बैल हाकताना गालाच्या कडेने जीभ वाजवतो. दोन्ही ध्वनी आपल्या तोंडात आहेत, बाराखडीत तेवढे नाहीत. आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत तीच साधी व्यंजनं आहेत. ‘खोसा’ या नावाची सुरुवातच तिथले लोक आपल्या बैल हाकायच्या आवाजाने करतात. नेल्सन मंडेलांची ती मातृभाषा. आता कालकेयांच्या म्होरक्याचं नाव बघा : इंकोशी. झुलूत ‘इंकोसी’ म्हणजे राजा, प्रमुख. त्यात ते काळे रंगवलेले चेहरे. हेतू काहीही असो, प्रेक्षकाच्या मनात क्रौर्याची आणि आफ्रिकेची गाठ बसते ती बसतेच.

आणि यात आपणही सुटत नाही, बरं का. ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन नावाच्या परग्रहावरच्या लढवय्यांसाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने भाषा रचली, तिचा कोश १९८५ साली निघाला. ती या जगातली वाटू नये म्हणून जमवलेल्या ध्वनींत एक आहे आपला ‘ड’. डाळ, डबा, डोळा यातला. हॉलिवूडला जो परग्रहावरचा वाटला, तो आपल्या स्वयंपाकघरातला!

आपल्याकडे हा प्रकार फार जुना. गुणाढ्याच्या बृहत्कथेचं नातं परंपरा पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडते. कथासरित्सागर सांगतो की पैजेत हरल्यावर गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या आणि पिशाचांच्या भाषेत कथा लिहिली. राजाने ती झिडकारली. पैशाची ही कुणा खऱ्या लोकांची बोली असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. पण नाव पडलं ते पिशाचांचं. बाराव्या शतकात हेमचंद्राने तिचे नियम दिले. त्यातला एक नियम : ‘ण’चा ‘न’ होतो. गुण नाही, गुन.

आता इथे अनसिंगच्या बाजारात उभं राहून ऐका. पानी, लोनी, कोन. वऱ्हाडी पैशाचीतून निघाली असं आम्ही अजिबात म्हणत नाही. आम्ही म्हणतो ते एवढंच, की जो ‘न’ व्याकरणाने पिशाचाच्या तोंडी नोंदवला, त्याच ‘न’पायी आमच्या पोरांना हसतात. आम्ही शिकवत होतो तेव्हा तोंडी परीक्षेत उत्तर येत असून गप्प बसलेली मुलं पाहिली आहेत. ‘ण’ चुकेल ही भीती. बाहेरच्या परीक्षकांना वाटायचं, अभ्यास केलेला नाही.

म्हणून किलिकीचं परीक्षण करताना ‘रानटी’ हा शब्द आम्ही ध्वनीला लावू देणार नाही. ध्वनी रानटी नसतो. तो कुणाच्या तोंडी आणि कोणत्या प्रसंगी दिला, यावरून तसा ऐकू येतो. चित्रपटाने किलिकीला प्रसंग दिला तो युद्धाचा, धमकीचा. आणि गंमत अशी की कार्की ऑस्ट्रेलियात शिकत असताना लहान मुलं सांभाळायचे, त्या मुलांशी खेळताना जमवलेल्या एका भाषेतून ही किलिकी पुढे वाढली. तिच्यात लाडाचे, रुसव्याचे शब्द असणारच. कालकेयांची आई लेकराला निजवताना जिभेने कसला आवाज करते, ते ऐकायला आम्ही थेटरात बसून राहिलो असतो.